पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर बिल्डच होत नाही: बिल्ड पाथ, जावा आणि वजनकाटा

द्राक्षवेल | मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ आमचं छोटं पॅकहाऊस आहे. चार वर्षांपूर्वी मी त्यासाठी जावात एक प्रोग्रॅम लिहिला. काट्यावर क्रेट ठेवला की वजन थेट संगणकात येतं, समोर शेतकऱ्याचं नाव आणि प्लॉट निवडायचा की पावती छापून मिळते. चारही हंगाम त्याने बिनतक्रार काम केलं.

दिवाळीत जुना लॅपटॉप गेला. कोड पेन ड्राइव्हवर होता म्हणून वाचला. नव्या विंडोज ११ वर एक्लिप्स (ज्यात मी जावाचा कोड लिहून त्याचा चालणारा प्रोग्रॅम बनवते, म्हणजे बिल्ड करते, ते सॉफ्टवेअर) टाकलं, प्रोजेक्ट इम्पोर्ट केला आणि खाली ११४ एरर आल्या. स्ट्रिंग म्हणजे काय हेसुद्धा त्याला कळत नाही! प्रत्येक फाइलवर लाल फुली. यादीत एक ओळ अशी आहे: 'द प्रोजेक्ट कॅनॉट बी बिल्ट अनटिल बिल्ड पाथ एरर्स आर रिझॉल्व्हड.'

एक्लिप्स दोनदा काढून पुन्हा टाकलं. जेडीके २१ ची (जावाचे प्रोग्रॅम बनवायच्या साधनांची) झिप सी ड्राइव्हवर उघडली आणि एका व्हिडिओत बघून सेटएक्स कमांडने पाथ, म्हणजे विंडोज कमांड शोधतं त्या फोल्डरांची यादी, सेट केला. तरी काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) जावासी, म्हणजे जावाचा कंपाइलर, टाइप केलं की 'इज नॉट रेकग्नाइझ्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड'. आता तर पायथनलाही तेच म्हणतोय, तो सकाळपर्यंत चालत होता.

पुढच्या आठवड्यात खुडणी सुरू होतेय. वजनं वहीत लिहायची वेळ आली तर रात्री बारापर्यंत हिशेब जुळत नाहीत, हे आधी भोगलंय. कृपया मदत करा.

गंगापूररोड | मंगळवार, रात्री ११:४१

ताई, माझ्याकडे असं झालं तेव्हा सगळं अनइन्स्टॉल केलं, विंडोज रिसेट केलं आणि शांतपणे एकेक टाकत गेलो. एक दिवस गेला पण सुटलं. तुम्हीही तेच करा, डोक्याला ताप नको.

सातपूरकर | बुधवार, सकाळी ६:५०

द्राक्षवेल ताई, थांबा. रिसेट करू नका. गंगापूररोड, तुमचा हेतू चांगला आहे, पण अशा वेळी रिसेट करण्याला माझा विरोध आहे. काय बिघडलं होतं ते कधी कळतच नाही, आणि पुढच्या लॅपटॉपवर तोच प्रश्न तसाच उभा राहतो. शिवाय इथे विंडोज बिघडलेलंच नाही.

मी सातपूरला मशिनवरच्या डेटाचं काम करतो, काटे आणि सिरियल केबल रोजच्या आहेत. तुमच्या लिहिण्यात मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. एक एक्लिप्सच्या आतला, दुसरा विंडोजच्या पाथचा. ते एकमेकांत मिसळले की माणूस गोल गोल फिरतो.

आधी तातडीचं. ज्या काळ्या खिडकीत तुम्ही सेटएक्स चालवलंत, ती अजून उघडी आहे का? असेल तर बंद करू नका, लॅपटॉप रीस्टार्टही करू नका. आधी हे सांगा.

द्राक्षवेल | बुधवार, सकाळी ७:१५

उघडी आहे दादा! रात्री फक्त झाकण लावलं होतं.

सातपूरकर | बुधवार, सकाळी ७:२२

मग निम्मं काम झालं. प्रोग्रॅम सुरू होतो त्या क्षणी त्याला पाथची एक प्रत मिळते, नंतर बाहेर काहीही बदललं तरी त्याच्या हातात जुनीच प्रत राहते. सेटएक्स ज्या खिडकीत चालवलं त्या खिडकीलासुद्धा नवा पाथ मिळत नाही. म्हणून तुमचा न बिघडलेला पाथ त्या खिडकीत शाबूत आहे. तिथे एको, मग दोन टक्का चिन्हांच्या मध्ये पाथ, असं लिहा आणि जे छापून येईल ते नोटपॅडमध्ये जपून ठेवा.

आता काय झालं ते सांगतो. सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं. तशी सूचना छापतंही, पण खाली 'सक्सेस' दिसलं की कोण वाचतं? व्हिडिओतली कमांड 'आहे तो सगळा पाथ अधिक नवा तुकडा' असं लिहिते. नवा तुकडा शेवटी, म्हणजे कापला गेला तो नेमका तुमचा जेडीके. त्याच्या आधी तुमच्या यूजर खात्याचे पाथ असतात, कारण विंडोज सिस्टिमचा पाथ पुढे आणि यूजरचा मागे जोडतं. पायथन बहुधा यूजरच्या पाथमध्ये होता, तोही त्याच कात्रीत सापडला. वर सिस्टिमचा सगळा पाथ यूजरच्या पाथमध्ये डुप्लिकेट होऊन बसला असणार.

दुरुस्ती: स्टार्टमध्ये एन्व्हायर्नमेंट शोधा, यूजरच्या पाथवर एडिट. नोटपॅडमधले फक्त तुमच्या यूजर फोल्डरने सुरू होणारे तुकडे तिथे ठेवा, बाकी काढा. सिस्टिमच्या पाथमध्ये अजून काही करू नका. मग नवी खिडकी उघडून 'व्हेअर जावा' आणि 'व्हेअर जावासी' चालवा. दोघांची उत्तरं जशीच्या तशी इथे लिहा. पॉवरशेलमध्ये करत असाल तर 'व्हेअर डॉट ईएक्सई' लिहावं लागेल, तिथे नुसत्या व्हेअरचा अर्थ वेगळा आहे.

लॅबमधून | बुधवार, सकाळी १०:०५

मी एका पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आहे. कॉलेजचं नाव नको, पण हे चित्र वर्षातून पन्नास वेळा बघतो म्हणून लिहितो.

आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं अजून टर्बो सी ह्या जुन्या सॉफ्टवेअरवर सी भाषा शिकतात. घरी न्यायला मित्राच्या पेन ड्राइव्हवरून टीसी फोल्डर आणतात आणि डी ड्राइव्हवर टाकतात. पहिलाच प्रोग्रॅम कंपाइल केला की 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल एसटीडीआयओ डॉट एच'. मूल रडकुंडीला येतं, कारण कोड तर पुस्तकातला जसाच्या तसा आहे. कोड बरोबरच असतो. ऑप्शन्स मेनूत डिरेक्टरीजमध्ये अजून सी ड्राइव्हचा पत्ता लिहिलेला असतो, एवढंच.

त्यातही गंमत बघा. पोरगं इन्क्लूडचा पत्ता दुरुस्त करतं, कंपाइल होतं, आनंदाने रन दाबतं आणि आता 'लिंकर एरर: अनेबल टू ओपन इनपुट फाइल सी-झिरो-एस डॉट ओबीजे'. म्हणजे लायब्ररीचा पत्ता राहिला. कंपाइलर हेडर (एसटीडीआयओ डॉट एच सारख्या इन्क्लूड फाइली) शोधतो एका जागी, सगळे तुकडे जोडणारा लिंकर तयार कोड शोधतो दुसऱ्या जागी. जीसीसी ह्या सी च्या कंपाइलरमध्ये हायफन मोठा आय आणि हायफन मोठा एल हे वेगवेगळे पर्याय आहेत ते ह्याचसाठी. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हेडरच्या नावासमोर आलं तर पहिल्याकडे बघा. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू' आलं तर हेडर सापडलंय, लायब्ररी जोडायची राहिलीय किंवा चुकीच्या क्रमाने जोडलीय. लायब्ररीचं नाव तिला वापरणाऱ्या फाइलच्या नंतर लिहायचं, हे मुलांना मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून देतो.

ताई, तुमच्या ११४ एररचंही तेच असणार. स्ट्रिंग ओळखत नाही म्हणजे जावाची स्वतःची लायब्ररीच त्या प्रोजेक्टला सापडत नाहीये. तुमच्या कोडला हात लावू नका. चार वर्षं चाललेला कोड पेन ड्राइव्हवर बिघडत नाही.

द्राक्षवेल | बुधवार, दुपारी २:३०

पाथ दुरुस्त केला. पायथन परत आला, जीव भांड्यात पडला. उत्तरं:

'व्हेअर जावा' ला एकच ओळ, कॉमन फाइल्समध्ये ओरॅकल, जावा, जावापाथ असं फोल्डर. 'व्हेअर जावासी' ला 'कुड नॉट फाइंड फाइल्स'. 'जावा हायफन व्हर्जन' १.८ दाखवतं. आता आठवलं, लॅपटॉप घेतल्यावर डिजिटल सहीच्या कामासाठी जावा टाकलं होतं.

एक्लिप्समध्ये प्रॉब्लेम्सच्या यादीत टाइपप्रमाणे लावलं तर ११४ पैकी फक्त तीन 'बिल्ड पाथ प्रॉब्लेम' आहेत. एक: 'अनबाउंड क्लासपाथ कंटेनर', पुढे चौकटी कंसात जेडीके १.८.०_२०२. दोन आणि तीन: 'मिसिंग रिक्वायर्ड लायब्ररी', आणि पत्ता माझ्या जुन्या लॅपटॉपच्या डाउनलोड्स फोल्डरचा! तिथे काट्याच्या सिरियल पोर्टसाठीच्या आरएक्सटीएक्स लायब्ररीचा जार (जावाचा तयार कोड असलेली फाइल) होता आणि पावती छापायचा दुसरा जार.

सातपूरकर | बुधवार, संध्याकाळी ७:४५

छान शोधलंत. ह्या तीन सोडून बाकीच्या १११ एररकडे आता बघूच नका.

प्रोजेक्टच्या फोल्डरात डॉट क्लासपाथ नावाची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. एक्लिप्स त्यात लिहिलेल्या पत्त्यांवर विश्वास ठेवतं. चार वर्षांपूर्वी तुम्ही जार जोडताना 'ॲड एक्स्टर्नल जार्स' दाबलं होतं. त्याने ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता नोंदला गेला. तो पत्ता जुन्या लॅपटॉपसोबत गेला. प्रोजेक्टमध्ये लिब नावाचं फोल्डर करा, दोन्ही जार त्यात टाका, बिल्ड पाथमधून जुन्या नोंदी काढा आणि ह्या वेळी 'ॲड जार्स' वापरा. मग पत्ता प्रोजेक्टच्या आतला राहतो, फोल्डर कुठेही न्या.

जावाची नोंदही तशीच नेमक्या एका इन्स्टॉलेशनच्या नावाने झाली होती. ती काढून 'एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट' निवडा, जावा एसई १.८. असं लिहिलं की एक्लिप्स त्या मशिनवरचं जुळणारं जावा स्वतः शोधतं. एक्लिप्सच्या विंडो मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये 'इन्स्टॉल्ड जेआरईज' मध्ये तुमचा जेडीके २१ जोडून ठेवा. शेवटी प्रोजेक्ट मेनूतून क्लीन.

पाथचं: जावापाथ फोल्डरात जावा आहे पण जावासी नाही, कारण तुम्ही टाकलंय ते चालवायचं जावा, बनवायचं नाही. हा फोल्डर सिस्टिम पाथच्या अगदी वर जाऊन बसतो. म्हणून यूजरच्या पाथमध्ये काहीही लिहिलं तरी जावा म्हटलं की तोच पुढे येणार. सिस्टिम व्हेरिएबल्समध्ये जावा_होम बनवा, त्यात जेडीके २१ चं फोल्डर. बिन लिहायचं नाही, इथे बरेच जण चुकतात. मग सिस्टिम पाथमध्ये टक्का-जावा_होम-टक्का, उलटी तिरकी रेघ, बिन अशी नोंद करा आणि 'मूव्ह अप' ने सगळ्यात वर न्या. हे सगळं एन्व्हायर्नमेंटच्या त्या खिडकीतूनच करा, सेटएक्सने नको.

कॅनडाकॉर्नर | बुधवार, रात्री ९:१०

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या व्हीएस कोडमध्ये सी च्या फाइलीत इन्क्लूडच्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ येते, पण टर्मिनलमधून जीसीसीने व्यवस्थित कंपाइल होतं. मग एरर खरी कोणाची मानायची?

लॅबमधून | बुधवार, रात्री ९:३२

कंपाइलरची. ती रेघ एडिटरच्या मदतनिसाची आहे. तो इन्क्लूडचे पत्ते स्वतःच्या सेटिंगमधून वाचतो, जीसीसीच्या कमांडमधून नाही. सेटिंगमध्ये इन्क्लूडपाथ आणि कंपाइलरपाथ दुरुस्त केला की रेघ जाईल. उलटही होतं: इन्क्लूडपाथ भरला म्हणून रेघ गेली, पण जीसीसीला कोणी सांगितलंच नाही म्हणून कंपाइल होत नाही. दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं.

द्राक्षवेल | गुरुवार, दुपारी १२:४०

११४ वरून शून्य! सासूबाईंना ओरडून सांगितलं, त्यांना वाटलं माल विकला गेला.

पण आनंद अर्धा तास टिकला. दोन गोष्टी अडल्या.

एक्लिप्समधून चालवलं की खिडकी येते, काटा निवडला की कोसळतं: 'कान्ट लोड आयए ३२-बिट डॉट डीएलएल ऑन अ एएमडी ६४-बिट प्लॅटफॉर्म'. माझा प्रोसेसर तर एएमडीचा नाहीच!

आणि माझी जुनी बिल्डची बॅट फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल) चालवून जार बनवला, पॅकहाऊसच्या संगणकावर नेला तर तिथे 'क्लास फाइल व्हर्जन ६५.०, धिस व्हर्जन ओन्ली रेकग्नाइझेस अप टू ५२.०'. एक्लिप्समध्ये जावा १.८ निवडलं होतं ना आपण? मग ६५ कुठून आलं?

सातपूरकर | गुरुवार, रात्री ८:२०

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्यात शिकण्यासारखं जास्त आहे.

एक्लिप्स जावासी वापरतच नाही. त्याचा स्वतःचा कंपाइलर आहे. तुम्ही १.८ निवडलंत ते त्याला सांगितलंत. बॅट फाइल मात्र पाथमधला जावासी उचलते, आणि तो आता २१ आहे. त्याला कोणी काही सांगितलं नाही म्हणून त्याने २१ चे क्लास बनवले. जावाच्या प्रत्येक आवृत्तीच्या क्लास फाइलवर एक आकडा असतो: ८ चा ५२, ११ चा ५५, १७ चा ६१, २१ चा ६५. आकड्यातून ४४ वजा केले की आवृत्ती मिळते. म्हणजे पॅकहाऊसच्या संगणकावर जावा ८ आहे आणि तो सरळ सांगतोय की हे माझ्यानंतरचं आहे, मला वाचता येत नाही. एररमध्ये दोन्ही बाजूंचे आकडे लिहून देणारी अशी एरर मला फार आवडते.

बॅट फाइलमध्ये जावासीच्या पुढे दोन हायफन, रिलीज, जागा, ८ असं लिहा. नेटवर सोर्स आणि टार्गेट असे दोन पर्याय सांगणारे जुने लेख सापडतील, ते घेऊ नका. त्यांनी आकडा ५२ येतो, पण जावा ८ मध्ये नसलेली एखादी मेथड चुकून वापरली असेल तर ते अडवत नाहीत. मग पावती छापायच्या क्षणी पॅकहाऊसमध्ये प्रोग्रॅम पडतो. रिलीज पर्याय जावा ९ पासून आला आणि तो ही चूक कंपाइल करतानाच पकडतो. ८ जुनं झाल्याची वॉर्निंग येईल, ती येऊ द्या.

आता डीएलएल. एएमडी ६४ हे ६४-बिट रचनेचं नाव आहे, इंटेलचा प्रोसेसर असला तरी तेच दिसतं. आरएक्सटीएक्सच्या जारसोबत एक डीएलएल (विंडोजसाठीचा तयार कोड असलेली फाइल) लागते. तुमच्याकडची ३२-बिट आहे. पॅकहाऊसचं जावा ३२-बिट असणार म्हणून तिथे चालत होतं, लॅपटॉपवर ६४-बिट जावा आहे. आणि लक्षात घ्या, जार शोधला जातो क्लासपाथवर, डीएलएल शोधली जाते जावा डॉट लायब्ररी डॉट पाथवर. लॅबमधून सरांनी हेडर आणि लायब्ररीचं जे सांगितलं, तेच इथे वेगळ्या कपड्यात.

६४-बिट डीएलएल शोधून आणण्यापेक्षा माझं मत विचाराल तर आरएक्सटीएक्स सोडा आणि जेसिरियलकॉम घ्या. त्यात ३२ आणि ६४ दोन्हींच्या डीएलएल जारच्या आतच असतात, चालताना योग्य ती स्वतः बाहेर काढतं. जावा ८ वर चालतं. पोर्ट उघडायचा आणि वाचायचा भाग बदलावा लागेल. बॉड रेट, डेटा बिट्स, पॅरिटी हे सिरियल जोडणीचे तपशील मात्र जुन्या कोडमधून जसेच्या तसे उतरवा, ते काट्याचे आहेत, लायब्ररीचे नाहीत.

गंगापूररोड | गुरुवार, रात्री ९:०५

सातपूरकर, मी रिसेट करा म्हणालो होतो. रिसेट केलं असतं तरी ३२-बिट डीएलएल आणि ६५ चा आकडा तसाच राहिला असता, हे आता दिसतंय. माझ्याकडचा प्रश्न नक्की काय होता ते आता मलाही शोधायचं आहे. 'व्हेअर' पासून सुरू करतो.

द्राक्षवेल | शनिवार, रात्री १०:१५

कालचा दिवस पोर्टचा भाग बदलण्यात गेला, जेमतेम चाळीस ओळी होत्या. आज दुपारी पॅकहाऊसमध्ये जाऊन लावलं. आधी रिकामा क्रेट ठेवला, पडद्यावर १.८५ आलं. मग थॉमसन द्राक्षांनी भरलेला क्रेट ठेवला, काट्याच्या लाल आकड्यांत आणि पडद्यावर एकच वजन. वजन करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आला का परत आपला हिशेब?"

एकच खोट होती. शेतकऱ्यांची नावं पावतीवर चित्रविचित्र चिन्हांत येत होती. लॅपटॉपवर मात्र नीट. तुमच्या आकड्यांच्या धड्यावरून अंदाज लावला आणि तपासलं: जावा १८ पासून फाइल वाचताना अक्षरं साठवायची यूटीएफ-८ हीच पद्धत डिफॉल्ट आहे, जावा ८ मात्र विंडोजची स्वतःची पद्धत, म्हणजे कोडपेज, धरतं. नावांची फाइल वाचताना यूटीएफ-८ स्पष्ट लिहिलं आणि 'विठाबाई' पुन्हा विठाबाई दिसू लागल्या.

लिब फोल्डर, बॅट फाइल आणि कोणतं जावा लागतं ते लिहिलेली टेक्स्ट फाइल असं सगळं प्रोजेक्टच्या आतच ठेवलंय. दोन पेन ड्राइव्हवर प्रती केल्या. सातपूरकर दादा, लॅबमधून सर, सोमवारी खुडणी आहे, कधीही या, द्राक्षं खाऊन जा.

सातपूरकर | शनिवार, रात्री १०:४०

नक्की येतो ताई. जाण्याआधी एक: काटा यूएसबी केबलने जोडला असेल तर केबल नेहमी त्याच खाचेत लावा. बऱ्याच केबलींना दुसऱ्या खाचेत लावलं की विंडोज वेगळा कॉम नंबर देतं, आणि सोमवारी सकाळी गर्दीत 'पोर्ट सापडत नाही' म्हणेल.

द्राक्षवेल | शनिवार, रात्री १०:५२

खाचेवर लाल टिकली चिकटवली. मावशींनाही दाखवून ठेवते.